बदलत्या अक्षरांची इंजिने : गोंदिया परिसरातील जुन्या डिझेल इंजिनांच्या छायाचित्रांची व संग्रहांची चिकित्सा

सारांश

रेल्वे कंपन्यांचे विलीनीकरण, विभागांची पुनर्रचना व रूळमापांतर यांमुळे सेवेतून गेलेल्या इंजिनांची छायाचित्रे काढणे व जमवणे हा छंद जगभर रूढ आहे. गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात या छंदातून निर्माण झालेल्या चित्रप्रकाराचे स्वरूप, त्याचे संकेत, बलस्थाने व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. डिझेल इंजिनाचे छायाचित्र हे सौंदर्यवस्तू म्हणून दुय्यम मानले गेले तरी दस्तऐवज म्हणून ते अत्यंत मोलाचे असते. मात्र हे मोल चित्रासोबतच्या नोंदीवर अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : छायाचित्रण, संग्रह, डिझेल इंजिन, नॅरोगेज, विलीनीकरण, स्थानिक इतिहास.

प्रस्तावना

मराठीत चित्रकलेची व चित्रपटाची समीक्षा बऱ्यापैकी झाली आहे. छायाचित्राची समीक्षा त्या मानाने थोडी आहे आणि हौशी छायाचित्रकारांच्या कामाची समीक्षा जवळजवळ नाहीच. हौशी माणसाने काढलेले चित्र एकतर कौतुकाचा विषय होते किंवा दुर्लक्षाचा. ते वाचले जात नाही. रेल्वे इंजिनांची छायाचित्रे ही या उपेक्षेचे ठळक उदाहरण आहेत. ज्यांना इंजिनांची आवड आहे ते या चित्रांत वर्ग, क्रमांक आणि रंग पाहतात. ज्यांना आवड नाही त्यांना सगळी चित्रे सारखीच दिसतात. या दोन्ही दृष्टींच्या पलीकडे जाऊन ही चित्रे नेमके काय सांगतात व काय सांगत नाहीत, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

हा प्रश्न गोंदियाच्या संदर्भात विचारण्याला कारण आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तांदळाच्या गिरण्यांसाठी जितका ओळखला जातो तितकाच रेल्वे जंक्शनसाठी. मुंबई-हावडा मुख्य मार्ग येथून जातो. उत्तरेला बालाघाटमार्गे जबलपूरकडे आणि दक्षिणेला सौंदड, अर्जुनी, वडसामार्गे नागभीड-चांदा फोर्टकडे जाणारे दोन फाटे येथूनच निघतात. हे दोन्ही फाटे मुळात नॅरोगेज होते. आज दोन्ही ब्रॉडगेज आहेत. या मधल्या काळात जे नाहीसे झाले त्याची साक्ष द्यायला कागदोपत्री नोंदींखेरीज मुख्यतः छायाचित्रेच उरली आहेत. म्हणून ती कशी काढली गेली आणि कशी जपली जात आहेत, हा या जिल्ह्याच्या इतिहासलेखनाचाही प्रश्न ठरतो.

संस्थात्मक फेरबदलांची पार्श्वभूमी

गोंदियाच्या रुळांची मालकी व व्यवस्था वारंवार बदलत आली आहे. नागपूरपासून राजनांदगावपर्यंतचा मूळ मार्ग नागपूर-छत्तीसगड रेल्वे या नावाने मीटरगेज स्वरूपात १८८० च्या दशकाच्या आरंभी तयार झाला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला आणि पुढे आसनसोलपर्यंत नेला. याच कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ७६२ मिलिमीटर म्हणजे अडीच फूट रुंदीचे सातपुडा नॅरोगेजचे जाळे उभे केले. गोंदिया-नैनपूर-जबलपूर हा त्यातील प्रमुख मार्ग १९०३ ते १९०५ या काळात खुला झाला.

१ ऑक्टोबर १९४४ रोजी बंगाल-नागपूर रेल्वे सरकारच्या ताब्यात गेली. स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ मध्ये देशातील निरनिराळ्या रेल्वेंचे एकत्रीकरण होऊन सहा विभाग झाले. त्यात १४ एप्रिल १९५२ रोजी ही रेल्वे पूर्व रेल्वेत विलीन झाली. १ ऑगस्ट १९५५ रोजी ती पुन्हा वेगळी होऊन दक्षिण पूर्व रेल्वे हे नाव तिला मिळाले. अखेर एप्रिल २००३ मध्ये बिलासपूर मुख्यालय असलेली दक्षिण पूर्व मध्य रेल्वे कार्यान्वित झाली व गोंदिया तिच्या नागपूर विभागात आले. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात बसतील इतक्या वर्षांत या एकाच फलाटावर चार प्रशासने येऊन गेली.

याच काळात रूळमापांतराचा दुसरा प्रवाह सुरू होता. १९९२ पासून एकमाप धोरणाला वेग आला. गोंदिया-नागभीड-चांदा फोर्ट मार्ग १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. गोंदिया-बालाघाट हा भाग एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रूपांतरित झाला. बालाघाट-नैनपूर-जबलपूर भागावरील नॅरोगेज गाड्या २०१५ च्या उत्तरार्धात थांबल्या आणि २०२१ पर्यंत गोंदिया-जबलपूर हा संपूर्ण ब्रॉडगेज मार्ग सिद्ध झाला. नागपूर-नागभीड नॅरोगेज नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली.

हे दोन प्रवाह एकत्र पाहिले म्हणजे छायाचित्रांच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. गोंदिया स्थानकात दक्षिण पूर्व मध्य रेल्वेची अक्षरे धारण केलेले नॅरोगेज डिझेल इंजिन पाहण्याचा काळ फारच थोड्या वर्षांचा होता. नव्या प्रशासनाचा जन्म आणि बालाघाट फाट्यावरील नॅरोगेजचा अंत यांत अंतर फारसे नव्हते. त्या काळात गोंदियात काढलेले प्रत्येक छायाचित्र, त्याचा कलात्मक दर्जा कोणताही असो, एका अल्पजीवी अवस्थेचा पुरावा आहे.

विलीनीकरणाचे छायाचित्रण : अमेरिकी परंपरा

विलीनीकरणानंतर जुन्या इंजिनांच्या मागे कॅमेरा घेऊन धावण्याची परंपरा सर्वांत पुष्ट झाली ती अमेरिकेत. तेथील रेल्वे खाजगी कंपन्यांच्या होत्या आणि प्रत्येक कंपनीचा रंग, बोधचिन्ह व अक्षरवळण स्वतंत्र होते. १९६८ मध्ये पेन सेंट्रल, १९७० मध्ये बर्लिंग्टन नॉर्दर्न, १९७६ मध्ये कॉनरेल अशी एकत्रीकरणे होत गेली, तेव्हा हजारो इंजिने नव्या मालकाकडे आली. ती सर्व एका दिवसात रंगवणे शक्य नव्हते. परिणामी कित्येक वर्षे जुन्या कंपनीच्या रंगातील इंजिने नव्या कंपनीच्या गाड्या ओढत राहिली. कोठे जुन्या नावावर नुसता पट्टा ओढलेला, कोठे जुन्या रंगावर नवा क्रमांक ठोकलेला. छायाचित्रकारांना हीच संक्रमणावस्था मोलाची वाटली. लुप्त झालेल्या कंपन्यांना तेथे ‘फॉलन फ्लॅग्ज’ म्हणजे पडलेली निशाणे म्हणतात. या शब्दप्रयोगातील युद्धाची छटा सूचक आहे. हरलेल्या पक्षाची निशाणी जपणे हा त्या संग्रहामागचा भाव आहे.

पुढे कंपन्यांनीच या भावनेची दखल घेतली. युनियन पॅसिफिकने २००५-०६ मध्ये आपण गिळंकृत केलेल्या सहा रेल्वेंच्या रंगांत सहा नवी इंजिने रंगवली. नॉरफोक सदर्नने २०१२ मध्ये अशी २० इंजिने काढली. येथे समीक्षकाने थांबून विचार केला पाहिजे. जुन्या रंगातील जुने इंजिन हा अवशेष असतो. जुन्या रंगातील नवे इंजिन ही जाहिरात असते. दोघांची छायाचित्रे शेजारी ठेवली तर दुसरे अधिक देखणे दिसेल, कारण त्याचा रंग ताजा आहे. परंतु पहिल्या चित्रातील उडालेला रंग, गंज, तेलाचे ओघळ हे सर्व घडलेल्या गोष्टींचे लेखन आहे. दुसऱ्यात ते लेखन नाही. इंजिनाच्या छायाचित्राचे मूल्यमापन केवळ दृश्य आकर्षकतेवर करता येत नाही, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

इंजिनावरील मजकूर

भारतात मालकी एकच, म्हणजे शासनाची, असल्याने अमेरिकेसारखी रंगांची विविधता येथे नव्हती, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात प्रशासनबदलाची खूण येथेही इंजिनावर उमटत होती. मात्र ती बोधचिन्हापेक्षा अक्षरांत होती. भारतीय इंजिनाच्या अंगावर वर्ग, क्रमांक, विभागाची आद्याक्षरे व ज्या शेडकडे ते देखभालीसाठी नेमलेले आहे तिचे नाव लिहिलेले असते. हा मजकूर बहुधा देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिप्यांत असतो. ‘द.पू.रे.’ या अक्षरांच्या जागी ‘द.पू.म.रे.’ ही अक्षरे आली, एवढाच एका ‘म’चा फरक. पण त्या एका अक्षरात कोलकात्याच्या गार्डन रीचहून बिलासपूरला सरकलेले प्रशासन सामावलेले आहे.

वर्गनामही असेच वाचनीय असते. ‘डब्ल्यूडीएम-२’ या नावात पहिले अक्षर ब्रॉडगेज, दुसरे डिझेल आणि तिसरे प्रवासी व माल अशा मिश्र कामाचे निदर्शक आहे. ‘झेडडीएम-४ए’ यातील ‘झेड’ हे ७६२ मिलिमीटर मापाचे चिन्ह. पहिला वर्ग अमेरिकेतील अल्को कंपनीच्या आराखड्यावरचा. १९६२ मध्ये त्याची पहिली इंजिने आयात झाली आणि १९६४ पासून वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्यात २६०० अश्वशक्तीच्या या इंजिनाची निर्मिती सुरू झाली. मूळ कंपनीने १९६९ मध्ये इंजिने बांधणे थांबवले, तरी भारतात हा वर्ग १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तयार होत राहिला. दुसरा वर्ग चित्तरंजन कारखान्याचा, सुमारे ७०० अश्वशक्तीचा. हलक्या रुळांवर भार विभागला जावा म्हणून त्याच्या चालक चाकांच्या जोडीला पुढे-मागे केवळ वजन पेलणारी चाके दिलेली. नागपूरच्या मोतीबाग शेडमधील याच इंजिनांनी सातपुड्याच्या नॅरोगेजचा अखेरचा काळ सांभाळला.

चांगले छायाचित्र हा मजकूर वाचता येईल असे असते. हा निकष कलासमीक्षेला रुक्ष वाटेल. पण ज्याप्रमाणे शिलालेखाच्या छायाचित्रात अक्षर स्पष्ट असणे ही पहिली अट असते, त्याचप्रमाणे येथेही आहे. संधिप्रकाशात काळ्या आकृतीसारखे दिसणारे इंजिन सुंदर असेल, तरी ते कोणते इंजिन हे सांगता येत नाही. उलट भर दुपारी, सपाट उन्हात काढलेले, कोणत्याही प्रदर्शनात नाकारले जाईल असे चित्र क्रमांक, शेड व विभाग स्पष्ट दाखवते, तेव्हा ते इतिहासाच्या कामी येते.

वाफेची प्रतिष्ठा आणि डिझेलची उपेक्षा

या चित्रप्रकारातील एक मोठा पूर्वग्रह म्हणजे वाफेच्या इंजिनाला मिळालेली प्रतिष्ठा. ब्रिटनमधील नियमित वाफसेवा १९६८ मध्ये संपली. त्यानंतर वाफप्रेमी छायाचित्रकार भारताकडे वळले. मायकेल सॅटो यांच्या प्रयत्नांचा वाटा असलेले नवी दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये उघडले. सॅटो व रे डेस्मंड यांचे ‘रेल्वेज ऑफ द राज’ हे सचित्र पुस्तक १९८० मध्ये आले. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक यांनी १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांची रात्रीची जी छायाचित्रे काढली, ती आज कलासंग्रहालयांत आहेत. डिझेलच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच आले. वाफप्रेमीच्या लेखी डिझेल हे मारेकरी होते. बंगाल-नागपूर रेल्वेचे महाकाय ‘एन’ वर्गाचे गॅरॅट इंजिन दिल्लीला जपले गेले, त्याच्या मागून आलेल्या डिझेलकडे मात्र कॅमेरा पाठ फिरवून उभा राहिला.

आपल्या मराठी मनातही हाच क्रम आहे. मामाच्या गावाला नेणाऱ्या आगगाडीचे ग. दि. माडगूळकरांचे बालगीत प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यातील गाडी धुराची आहे. डिझेलच्या गाडीचे असे गीत मराठी बालपणाच्या वाट्याला आले नाही. मात्र गोंदिया परिसरात आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीने मामाच्या गावाला जाताना जी गाडी पाहिली ती बव्हंशी डिझेलची होती. आठवण एका इंजिनाची आणि गाणे दुसऱ्याच इंजिनाचे, अशी ही विसंगती आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरील ‘शकुंतला’च्या बाबतीतही लोकांच्या बोलण्यात येते ते १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन. एप्रिल १९९४ मध्ये ते गेल्यानंतर पुढची दोन दशकांहून अधिक काळ जे डिझेल इंजिन गाडी ओढत राहिले, त्याचा उल्लेख वाक्याच्या शेवटी उरकला जातो.

ह्यू ह्यूज यांच्या ‘इंडियन लोकोमोटिव्हज’ या चार भागांच्या संदर्भग्रंथाचा चौथा भाग या दृष्टीने अपवादात्मक आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या भागात १९४१ ते १९९० या काळातील वाफ, डिझेल व विद्युत अशा सर्व इंजिनांना समान शिस्तीने स्थान दिले आहे. त्यात भावनेला वाव नाही, ही त्याची मर्यादा व तेच त्याचे सामर्थ्य. यादीकाराने पक्षपात टाळला, तो छायाचित्रकारांना टाळता आला नाही.

चौकटीची चिकित्सा

इंजिनाच्या छायाचित्राचा एक रूढ साचा आहे. इंजिन किंचित तिरके, एक बाजू व तोंड दोन्ही दिसतील असे. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी. इंजिनापुढे खांब, माणूस किंवा सामान नको. या साच्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण त्यामागे तर्क आहे. जर्मनीतील बर्न्ड व हिला बेखर या दांपत्याने पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींचे मनोरे यांची वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने छायाचित्रे काढली आणि ती जाळीसारखी शेजारी-शेजारी मांडली. चौकट तीच ठेवली की फरक दिसू लागतो, हे त्यांच्या कामाने सिद्ध केले. एकाच वर्गाच्या दहा इंजिनांची साचेबद्ध चित्रे शेजारी मांडली तर खिडकीची जाळी, दिव्याची जागा, अक्षरांचे वळण, शेडनिहाय रंगसंगती यांतील भेद नजरेत भरतात. साचा हा येथे कल्पकतेचा अभाव नसून तुलनेचे साधन आहे.

तरीही साच्याने एक मोठी किंमत वसूल केली आहे. चित्रातून माणूस हद्दपार झाला. इंजिनासमोर आलेला खलाशी, टोकनची कडी हातात घेऊन उभा असलेला पॉइंट्समन, डब्याच्या दारात बसलेली बाई हे सर्व या चित्रप्रकाराच्या दृष्टीने अडथळे ठरले. छायाचित्रकार ते दूर होईपर्यंत थांबला. नॅरोगेजच्या संदर्भात हा संकेत विशेष अन्यायकारक आहे, कारण तेथे इंजिन आणि गाव यांच्यात अंतरच नव्हते. बिरसोल्यापलीकडे राज्याची सीमा लागते, पण गोंदिया व बालाघाट या दोन जिल्ह्यांतील रोटीबेटी व्यवहाराला ती सीमा कधीच मान्य नव्हती. दोन्हीकडे पोवारी बोलली जाते. लग्नसराईतले वऱ्हाड, बाजाराला निघालेली माणसे, विड्यांच्या कामावरच्या स्त्रिया यांची ही गाडी होती. इंजिनाच्या निखळ ‘स्वच्छ’ चित्रात यातले काहीच येत नाही. तेच इंजिन युरोपातल्या एखाद्या संग्रहालयाच्या आवारात उभे असते तरी चित्र फारसे वेगळे दिसले नसते.

मुख्य मार्गावरील चित्रांतही हा दोष निराळ्या रीतीने दिसतो. सालेकसा-दरेकसा भागातील डोंगर, दाट झाडी, बोगदा व वळणे यांमुळे तेथील चित्रांना निसर्गचित्राचे रूप येते. पावसाळ्यातील हिरवळीत वळण घेणारी मालगाडी हा हमखास कौतुक मिळवणारा विषय आहे. पण ही गाडी कोळशाची की पोलादाची, कोठून कोठे निघालेली, वर विजेच्या तारा असताना खाली डिझेल का धावत आहे, हे प्रश्न चित्रासोबत क्वचितच येतात. निसर्ग जितका सुंदर तितका प्रश्न विचारण्याचा उत्साह कमी, असा अनुभव येतो.

संग्रहाची नीती

छायाचित्र काढणे आणि छायाचित्रे जमवणे या दोन भिन्न कृती आहेत. वाल्टर बेंजामिन यांनी १९३१ मधील आपल्या ग्रंथसंग्रहाविषयीच्या निबंधात संग्राहकाचे वस्तूशी असलेले नाते उपयोगापलीकडचे असते, वस्तूचा पूर्वेतिहासच त्याला प्रिय असतो, अशा आशयाचा विचार मांडला आहे. सुसान सोन्टॅग यांनी १९७७ च्या ‘ऑन फोटोग्राफी’मध्ये छायाचित्रे माणसाला भूतकाळावर ताबा मिळाल्याचा भ्रम देतात, याकडे लक्ष वेधले. इंजिनांच्या चित्रसंग्राहकात हे दोन्ही भाव असतात. एखाद्या वर्गाचे प्रत्येक क्रमांकाचे चित्र आपल्याकडे हवे, ही त्याची आकांक्षा. संग्रह पूर्ण झाला की वर्ग वाचला, असे त्याला वाटते. वस्तुस्थिती अशी असते की इंजिन भंगारात गेलेले असते आणि वाचते ते फक्त त्याचे रूप.

या आकांक्षेतून दोन दोष संभवतात. पहिला, दुर्मीळाचा हव्यास. शेवटची गाडी, शेवटचे इंजिन, शेवटचा दिवस यांची चित्रे विपुल असतात. बंद होण्याच्या दिवशी कॅमेऱ्यांची गर्दी होते. मार्ग सुरू असताना, आठवड्यातल्या एखाद्या साध्या मंगळवारी तेथे कोणी नसते. त्यामुळे हारतुऱ्यांनी सजलेले इंजिन भावी वाचकाला सहज सापडेल, पण रोजचे मळकट इंजिन सापडणार नाही. अपवादाची नोंद भरपूर आणि नियमाची तुटपुंजी, असा हा इतिहास असतो. दुसरा दोष, नोंदीविषयीची बेफिकिरी. पारदर्शिकांच्या काळात चौकटीच्या पुठ्ठ्यावर तारीख, ठिकाण व क्रमांक हाताने लिहावा लागे. लिहिणाऱ्याला तेवढा विचार करावा लागे. अंकीय कॅमेऱ्याने तारीख आपोआप नोंदवली आणि बाकीचे लिहिण्याची सवय मोडली. चित्र हातोहात पुढे जाते, त्यात मूळ माहिती गळते, आणि शेवटी ‘जुनी आठवण’ एवढाच मथळा उरतो.

आज या बेफिकिरीचे परिणाम अधिक गंभीर झाले आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कधीही अस्तित्वात नसलेल्या इंजिनाचे, कधीही नसलेल्या फलाटावरील चित्र काही क्षणांत तयार होते. रोलां बार्थ यांनी १९८० मध्ये छायाचित्राचे सार त्याच्या साक्षीत पाहिले होते. समोर जे दिसते ते कधीतरी खरोखर कॅमेऱ्यासमोर होते, ही हमी आता चित्राच्या पृष्ठभागावरून मिळत नाही. ती चित्राबाहेरच्या नोंदीतून, म्हणजे कोणी, कधी, कोठे आणि कोणत्या साधनाने चित्र घेतले यातूनच मिळू शकते. संग्राहकाने लिहिलेली एक ओळ ही आता चित्राची शोभा राहिलेली नसून तिचा आधार झाली आहे.

येथे परवानगीच्या प्रश्नाचाही उल्लेख आवश्यक आहे. रेल्वेच्या आवारात छायाचित्रण करण्यावर सुरक्षेच्या कारणास्तव दीर्घकाळ निर्बंध राहिले. कॅमेरा महाग आणि परवानगी अवघड, अशा स्थितीत जिल्ह्यातील सामान्य माणसाने इंजिनाचे चित्र काढावे, ही अपेक्षाच नव्हती. त्यामुळे जुन्या चित्रांतील बराच भाग बाहेरून आलेल्यांचा आहे आणि त्यांच्या नोंदी इंग्रजीत आहेत. ज्यांनी गाडी वापरली त्यांच्याकडे चित्रे नाहीत, ज्यांच्याकडे चित्रे आहेत त्यांना गाडीतील भाषा येत नव्हती. या संग्रहातील पोकळी कोणाच्या आळसामुळे नव्हे, तर साधनांच्या विषम वाटणीमुळे निर्माण झाली आहे.

वस्तू आणि प्रतिमा

डिसेंबर २००२ मध्ये नागपूरच्या मोतीबाग येथे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सुरू झाले. पुढे नैनपूर येथेही नॅरोगेज संग्रहालय उभे राहिले. या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. मात्र संग्रहालयातील इंजिन आणि छायाचित्रातील इंजिन यांची कार्ये भिन्न आहेत, हे विसरता कामा नये. संग्रहालयात इंजिन चौथऱ्यावर येते, रंगवले जाते, त्याच्याभोवती बाग होते. त्याचे आकारमान, वजन, यंत्ररचना प्रत्यक्ष पाहता येते आणि याला छायाचित्राचा पर्याय नाही. पण रंगाच्या नव्या थराखाली जुनी अक्षरे बुजतात. ते इंजिन कोणत्या वर्षी कोणत्या अक्षरांनी धावत होते, कोणत्या गाडीला जोडलेले होते, हे चौथऱ्यावरून कळत नाही. तेथे छायाचित्रच उपयोगी पडते. वाराणसीत तयार झालेले पहिले डब्ल्यूडीएम-२ इंजिन, क्रमांक १८०४०, दिल्लीच्या संग्रहालयात आहे. पहिले म्हणून ते जपले गेले. पण त्याच्यासारख्या अडीच हजारांहून अधिक इंजिनांपैकी जी रोजच्या कामात झिजून गेली, त्यांचे संग्रहालय म्हणजे त्यांची छायाचित्रेच होत.

हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. मुख्य मार्गापाठोपाठ गोंदियाच्या फाट्यांवरही वीज आली आहे. देशातील ब्रॉडगेज जाळ्याचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले आहे. अल्को वंशाची डिझेल इंजिने झपाट्याने सेवेबाहेर जात आहेत. नॅरोगेज डिझेलच्या बाबतीत जे झाले तेच ब्रॉडगेज डिझेलच्या बाबतीत होऊ घातले आहे.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. एक, इंजिनाच्या छायाचित्राची समीक्षा करताना सौंदर्याचा निकष पुरेसा नाही. वाचनीयता, तुलनीयता व नोंदीची विश्वसनीयता हे निकष त्याच्या बरोबरीने लावले पाहिजेत. दोन, रूढ साचा त्याज्य नाही, पण तो एकमेव असता कामा नये. प्रत्येक स्वच्छ चित्राच्या जोडीला फलाटासह, माणसांसह घेतलेले एक चित्र असेल तर दोन्हींचा अर्थ वाढतो. तीन, वाफेच्या आकर्षणाने डिझेलच्या कालखंडाकडे झालेले दुर्लक्ष भरून काढण्याची वेळ अजून पूर्णपणे गेलेली नाही, कारण त्या कालखंडाचे साक्षीदार हयात आहेत.

या तिसऱ्या मुद्द्यात जिल्ह्यातील महाविद्यालयांना करता येण्यासारखे प्रत्यक्ष काम आहे. निवृत्त चालक, गार्ड, खलाशी व स्थानक कर्मचारी यांच्यासमोर उपलब्ध छायाचित्रे ठेवून त्यांच्याकडून नोंदी घेता येतील. कुटुंबांच्या अल्बममधील, पाठीमागे सहज इंजिन आलेली लग्नाची, सहलीची, निरोपाची चित्रे गोळा करता येतील. अशा चित्रांत क्रमांक अर्धाच दिसेल, इंजिन कोपऱ्यात असेल. पण संग्राहकांच्या नेटक्या चित्रांत जे नाही, ते त्यांत असेल. या नोंदी मराठीत, आणि शक्य तेथे पोवारीत, झाल्या पाहिजेत. इंजिनाचा वर्ग व क्रमांक सांगणारी यादी उपलब्ध आहे. त्या इंजिनामागच्या डब्यात कोण बसले होते, हे सांगणारी यादी अद्याप व्हायची आहे आणि ती याच जिल्ह्यात होऊ शकते.